अकादमी बंद करण्याआधी पूर्ण हिशेब मांडा: क्लबच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

हंगाम संपताच आपल्या फुटबॉल क्लबची युवा अकादमी बंद करायची, तिच्या जागी सतरा ते वीस वयाच्या मुलांचा एक 'ब' संघ ठेवायचा आणि बाकी सगळ्या वयोगटांना निरोप द्यायचा, असा निर्णय तुम्ही घेतला आहे. पालकांना तो ईमेलने कळला, मुलांना पालकांकडून, आणि काहींना तर शाळेत, वर्गातल्या मित्रांकडून. कारण म्हणून एकच वाक्य दिलंत: अकादमीवरचा खर्च आणि तिथून पहिल्या संघात पोचलेले खेळाडू यांचा मेळ बसत नाही.

माझा मुलगा आता तुमच्याकडे नाही. नऊ वर्षांचा असताना तो अकादमीत आला आणि सोळाव्या वर्षी तुम्ही त्याला सोडलं. त्यामुळे या निर्णयाने आमच्या घरात काहीच बदलत नाही. उलट, मला मनातून बरंच वाटलं असेल असा काहींचा समज आहे, दोघातिघांनी तसं तोंडावर विचारलंही. मला बरं वाटलेलं नाही. अकादमीने माझ्या मुलाला काय दिलं आणि कुठे दुखावलं, हे दोन्ही मी जवळून पाहिलंय, आणि म्हणूनच ती बंद होऊ नये असं मला वाटतं. शिवाय हिशेब तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. 'मेळ बसत नाही' असं कुणी म्हटलं की आधी वही मागायची सवय जडली आहे.

तर आधी वहीबद्दल.

तुमच्या निवेदनात अकादमीसमोर दोनच रकाने दिसतात: वर्षाचा खर्च आणि पहिल्या संघात गेलेली डोकी. अकादमीचं उत्पन्न यापेक्षा कितीतरी वाटांनी येतं, आणि तुमच्या वित्त विभागाला त्या माझ्याहून चांगल्या ठाऊक आहेत. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत त्याच्या कराराच्या वर्षांवर विभागून दरसाल खर्ची पडते. घरी घडलेल्या खेळाडूची हिशेबाच्या वहीतली किंमत जवळजवळ शून्य असते, म्हणून तो विकला की आलेली रक्कम जवळजवळ सगळी नफ्यात जाते. २०१९ च्या एकाच उन्हाळ्यात पोर्तुगालच्या बेन्फिकाने आपल्या अकादमीतून वर आलेल्या जोआओ फेलिक्सला १२ कोटी ६० लाख युरोंना विकलं आणि नेदरलँड्सच्या अयाक्सने मथायस डी लिख्टला साडेसात कोटींना. तुम्ही बेन्फिका नाही, अयाक्सही नाही, हे मला कळतं. पण नियम लहान क्लबालाही तोच लागू होतो, आणि लहान क्लबाला तर अशी एक विक्री कित्येक वर्षं पुरते.

जो मुलगा तुमच्या पहिल्या संघापर्यंत कधी पोचलाच नाही, त्याचंही काही येणं असतं. फिफाच्या नियमानुसार करार चालू असलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पैसे देऊन गेला, की त्या रकमेचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ मधल्या प्रत्येक वर्षाचे ०.२५ टक्के, पुढच्या प्रत्येक वर्षाचे ०.५ टक्के. समजा, तुमच्याकडे ती पहिली चार वर्षं घालवलेला मुलगा पुढे भलत्याच क्लबकडून परदेशी एक कोटी युरोंना गेला, तर त्यातले एक लाख तुमचे. आणि पुढच्या अशा प्रत्येक बदलीला पुन्हा. २०२२ पासून फिफाने या पैशांसाठी क्लिअरिंग हाउस, म्हणजे हे येणं ठरवून क्लबांपर्यंत पोचवणारी संस्था, सुरू केली आहे, म्हणजे पूर्वीसारखं दारोदार मागत फिरायचीही गरज उरलेली नाही. हे येणं तुमच्या हिशेबात कुठे धरलंय? धरलं असेल तर दाखवा, आणि नसेल तर 'मेळ बसत नाही' हे वाक्य मागे घ्या.

इथेच एक सांगून ठेवते, नाहीतर मुलांना विक्रीचा माल समजा असं मी सुचवतेय असा अर्थ निघेल. हिशेबाच्या या पद्धतीत एक वाईट मोह दडलेला आहे. ज्याला विकून कागदावर सर्वांत जास्त नफा दिसतो तो घरचा मुलगा, म्हणून सर्वांत आधी तोच विकावासा वाटतो. लंडनच्या चेल्सी क्लबने २०२३ मध्ये मेसन माउंटला आणि २०२४ मध्ये कॉनर गॅलाघरला जाऊ दिलं. दोघंही लहानपणापासून तिथेच वाढलेले. समर्थक हळहळले, ताळेबंद मात्र सुधारला. असं व्हावं अशी माझी मागणी नाही. माझं म्हणणं एवढंच की पैशाचं कारण पुढे करायचं असेल तर सगळा पैसा मोजा.

आता लंडनचा ब्रेंटफर्ड क्लब. निवेदनात नाव नसलं तरी तुमच्या डोळ्यांसमोर तोच क्लब आहे हे उघड आहे. २०१६ मध्ये त्यांनी अकादमी बंद केली, 'ब' संघ काढला आणि २०२१ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडचा सर्वांत वरचा विभाग, गाठली. त्यांचं दुखणं खरं होतं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून लहान खेळाडू उचलून नेण्याची भरपाई ठरीव दराने मिळू लागली, आणि शेजारचे बडे क्लब त्यांची चांगली मुलं तुटपुंज्या रकमेवर घेऊन जाऊ लागले. आपण पेरायचं आणि दुसऱ्याने कापून न्यायचं, हे कुणाला परवडेल? त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण ती गोष्ट अर्धीच सांगितली जाते. 'ब' संघाचं मोठं यश म्हणून ज्याचं नाव घेतात तो बचावपटू ख्रिस मेफम २०१९ च्या जानेवारीत बोर्नमथला सुमारे १ कोटी २० लाख पौंडांना विकला गेला. हा मेफम 'ब' संघात आला कुठून? त्याच बंद केलेल्या अकादमीतून. बाकीची बरीचशी मुलं मोठ्या अकादम्यांनी सोडलेली, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी खर्चाने शिकलेली. आणि प्रीमियर लीगमध्ये गेल्यावर ब्रेंटफर्डने अकादमी पुन्हा उभी केलीच. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरण्यात एका क्लबाचं भलं होऊ शकतं. सगळ्यांनीच आपापल्या विहिरी बुजवल्या तर भरायचं कुठे? तुमचा 'ब' संघ सतराव्या वर्षी ज्या मुलांना घेणार आहे, त्यांना नवव्या, बाराव्या, चौदाव्या वर्षी कुणी शिकवायचं, याचं उत्तर तुमच्या योजनेत नाही.

आणि त्या वयात शिकवतात तरी काय, असंही कुणी विचारेल. मी मैदानाच्या कडेला उभी राहून पाहिलेलं सांगते. मधल्या फळीतल्या मुलांसाठी एक सराव असायचा. समोरून पास यायचा, आणि त्याच क्षणी दुसरे प्रशिक्षक मुलाच्या पाठीमागे उभे राहून हातातलं बिब, म्हणजे सरावात घालायचं रंगीत बनियन, वर करायचे. चेंडू पायाशी पोचायच्या आत मुलाने मागे वळून रंग पाहायचा आणि मोठ्याने सांगायचा. लाल असेल तर मागे प्रतिस्पर्धी आहे, एका स्पर्शात चेंडू परत. पिवळं असेल तर मोकळी जागा आहे, वळायचं आणि पुढे जायचं. कितीतरी आठवडे सगळी पोरं चुकत होती. कुणी रंग पाहायचा तर चेंडू निसटायचा, चेंडू अडवला तर रंग राहायचा. प्रशिक्षक एकदाही ओरडले नाहीत, फक्त विचारायचे, "मागे कोण होतं?" हळूहळू ती मान आपोआप फिरू लागली. माझा मुलगा आता रस्ता ओलांडतानाही तशीच मान फिरवतो. बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत वाढलेल्या झावीबद्दल जे कौतुकाने सांगितलं जातं, की पास येण्याआधीच तो सगळं मैदान पाहून ठेवायचा, ते याच वयात अंगात मुरतं. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी'ओर पुरस्काराचे २०१० मधले शेवटचे तिन्ही उमेदवार, मेसी, इनिएस्ता आणि झावी, एकाच अकादमीतले होते. तशी तिकडी पुन्हा कुणाकडे जमेल असं मला वाटत नाही, बार्सिलोनाकडेसुद्धा. पण पाठीमागे बिब धरून उभं राहणारा प्रशिक्षक तुमच्याकडे होता, आणि त्यालाच तुम्ही आता घरी पाठवताय.

जर्मनीचं उदाहरण क्लब चालवणाऱ्यांनी विशेष पाहण्यासारखं आहे. २००० च्या युरो स्पर्धेत त्यांचा संघ एका गुणासह गटात तळाला राहिला. त्यानंतर वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना अकादमी असल्याशिवाय खेळण्याचा परवानाच मिळेनासा झाला. तेव्हाही कुरकूर झाली, खर्च कोण सोसणार म्हणून. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ११३ व्या मिनिटाला डावीकडून आंद्रे शुर्लेने चेंडू टाकला आणि मारियो ग्योत्झेने जर्मनीला जगज्जेता करणारा गोल केला. शुर्ले माइन्झच्या अकादमीतून वर आलेला, ग्योत्झे डोर्टमुंडच्या. माइन्झ काही बायर्न म्युनिकसारखा बडा क्लब नव्हे. स्पेनचं अ‍ॅथलेटिक बिल्बाओ तर स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क भागातल्या खेळाडूंपुरतंच मर्यादित राहून, मुख्यतः आपल्या लेझामा अकादमीच्या जोरावर, १९२९ पासून स्पेनच्या वरच्या विभागातून एकदाही खाली गेलेलं नाही. त्यांच्याशिवाय हे फक्त रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांनाच जमलंय.

एवढं बोलल्यावर अकादमीत सगळं आलबेल आहे असा आव आणणार नाही. माझ्या तक्रारी आहेत, आणि अकादमी बंद करून त्यांतली एकही मिटत नाही.

पहिली तक्रार निवडीची. वयोगट ठरवणारी तारीख कोणतीही असो, तिच्यानंतर लगेच जन्मलेली मुलं अकादम्यांमध्ये जास्त आणि वर्षअखेरीस जन्मलेली कमी, हे देशोदेशी दिसून आलेलं आहे. आठ-नऊ वर्षांच्या वयात दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत आणि ताकदीत मोठी तफावत, आणि आपण तिलाच गुणवत्ता समजतो. आमच्या गटाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत वाढदिवसांच्या केकचा नुसता पाऊस पडायचा; शेवटच्या महिन्यांत सामसूम. ते पाहायला कुठल्या विश्लेषकाची गरज नव्हती. पुढे फ्रान्सचा नामांकित खेळाडू झालेल्या अंतोन ग्रीझमानला लहान चणीमुळे फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं आणि तो सीमेपलीकडे, स्पेनच्या रेआल सोसिएदादमध्ये घडला. बेल्जियमच्या महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघ चालवून यावर उपाय शोधला. तुम्ही मात्र वर्षानुवर्षं त्याच चाचण्या घेतल्यात, आणि त्यांतून खेळाडू कमी निघतात म्हणून आता अकादमीच नको म्हणताय.

दुसरी तक्रार, फार लवकर घेण्याची. आठ वर्षांच्या मुलाची नोंदणी करून त्याला दुसरीकडे खेळायची बंदी घालायची, शाळेच्या संघातूनही काढायचं, हे कशासाठी? खर्च कमी करायचाच असेल तर इथे कात्री चालवा. बारा वर्षांखालचे गट बंद करा, तेच प्रशिक्षक आठवड्यातून काही दिवस शाळांकडे आणि छोट्या क्लबांकडे पाठवा, पोरांना मनसोक्त खेळू द्या. माझं हे मत अनेक पालकांना आवडणार नाही. आठव्या वर्षी क्लबचं चिन्ह छातीवर आलं की आईवडिलांनाच जास्त चढते.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी आहे: सोडताना तुम्ही कसे वागता.

आम्हाला हंगामअखेरीच्या बैठकीला बोलावलं होतं. टेबलापलीकडे तीन माणसं, त्यांतल्या एकाला माझ्या मुलाने त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं, आणि बोलत होता तोच. समोर दोन पानांचा अहवाल. तांत्रिक, डावपेच, शारीरिक, मानसिक, असे रकाने आणि प्रत्येकापुढे एक ते पाच यांतला आकडा. शारीरिकपुढे दोन. "फुटबॉलमध्ये मतं वेगवेगळी असतात," असं ते गृहस्थ म्हणाले, आणि मग बाहेरच्या खोलीत किट जमा करायला सांगितलं. ट्रॅकसूट, बॅग, पावसाळी जॅकेट, सगळ्यावर खुणा करून आमची सही घेतली. मुलाने पुढे कुठे ट्रायल द्यावी, अभ्यासाचं काय, कुणाशी बोलावंसं वाटलं तर कुणाला फोन करावा, याबद्दल कागदाचा एक चिटोराही मिळाला नाही. किट परत केल्याची पावती मात्र चोख होती. हिशेबनीस म्हणून मला तिच्यात एकही खोट काढता आली नाही.

त्यानंतर तो बरेच दिवस खोलीतून फारसा बाहेर आला नाही. आता तो खेळतो, एका छोट्या क्लबकडून, आणि शिकतोही. पुढे इंग्लंडच्या संघात पोचलेल्या डेक्लन राइसला चेल्सीने चौदाव्या वर्षी सोडलं होतं, असं सांगून त्याची समजूत घालणारे खूप भेटले. मला ते आवडायचं नाही. सोडलेला प्रत्येक मुलगा राइस होणार नसतो, आणि तो तसा झाला तरच त्याच्याशी नीट वागायला हवं होतं असंही नाही.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. अकादमीत येणाऱ्या बहुतेक मुलांना कधीच व्यावसायिक करार मिळणार नसतो. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, आम्हालाही थोडंफार असतं. तरीही अकादमी असावी की नसावी हे तुम्ही वर पोचलेल्या मोजक्या मुलांवरून ठरवता. राहिलेल्यांनाही तिथली वर्षं कामी आली का, हे विचारा. आली असतील तर तिचा खर्च वाया गेलेला नाही. आली नसतील तर अकादमी बदलायला हवी. मेफमसारखी आणखी दोन मुलं निघाली असती तर तुम्ही ती बंद केली नसतीत, पण बाकीच्यांशी असंच वागत राहिला असतात.

एक विषय थोडक्यात, कारण त्यात वाद असू नये. इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये अनेक माजी खेळाडूंनी लहानपणी प्रशिक्षकांकडून झालेल्या अत्याचारांबद्दल उघड बोलायला सुरुवात केली, आणि २०२१ च्या चौकशी अहवालाने तिथल्या महासंघाच्या ढिलाईवर स्पष्ट ठपका ठेवला. मुलांची सुरक्षा पाहणारी स्वतंत्र व्यक्ती तुमच्याकडे आहे. अकादमी बंद केल्यावर ते पदही जाणार का? 'ब' संघातही अठराखालची मुलं असणार आहेत.

आता मागण्या.

गेल्या दहा वर्षांचा अकादमीचा हिशेब सभासदांपुढे ठेवा: खर्च, विक्री, भरपाई, फिफाच्या वाटपातून आलेला आणि यायचा राहिलेला पैसा, सगळं. त्याच काळात बाहेरून विकत घेतलेल्या आणि वीससुद्धा सामने न खेळता गेलेल्या खेळाडूंवर किती गेलं, तो आकडा शेजारच्या रकान्यात असू द्या.

तो हिशेब समोर येईपर्यंत निर्णय स्थगित ठेवा. पूर्ण अकादमी परवडतच नसेल तर तेरा वर्षांपासून पुढची, कमी मुलांची ठेवा, आणि निवडीत जन्मतारखेसोबत शरीराची वाढही पाहा. पहिल्या संघाच्या पंचवीस जणांत घरच्या मुलांसाठी दोन जागा राखा, केवळ यादीत दिसण्यासाठी नव्हे, मैदानात उतरवण्यासाठी. मुलं वर का येत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथे आहे. तुमच्या एकोणीस वर्षांच्या बचावपटूला संधी द्यायची वेळ आली की दर वेळी तिशीतला कुणीतरी उसना आणला जातो.

आणि काहीही झालं तरी अकादमी बंदच करायची असेल, तर आज तिथे असलेल्या मुलांची नोंदणी विनाअट मोकळी करा. त्यांना घेणाऱ्या क्लबकडे भरपाई मागू नका. बंद करणारे तुम्ही, मग त्यांच्या पुढच्या वाटेवर जकात कसली? ज्यांची शाळेची शेवटची वर्षं चालू आहेत त्यांच्या शिक्षणाचा खर्च ठरल्याप्रमाणे पूर्ण करा. २०२१ मध्ये इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेस क्लबने सोडलेल्या अकादमी खेळाडूंसाठी तीन वर्षांची मदत योजना सुरू केली. तसं काही तुम्हीही करा, आणि त्यात आधी सोडलेल्या मुलांनाही घ्या. शेवटचं म्हणजे, प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षकाने समोर बसवून सांगावं. ईमेलने नको.

सर्वसाधारण सभेची तारीख तुम्ही जाहीर केली आहे, विषयपत्रिका अजून यायची आहे. अकादमीचा विषय तिच्यात घ्यावा, असं विनंतीपत्र काही सभासदांच्या सह्यांसह क्लबच्या कार्यालयात दिलं आहे. पोच मिळाली आहे. उत्तराची वाट पाहतोय.

आपली,
अकादमीच्या एका माजी खेळाडूची आई